मरायचं काम करणारी बहीण

माझी मावसबहीण अमेरिकेत मरायचं काम करते. विहिरीत पडून, कुऱ्हाडीने, भिंतीतून आलेल्या हाताने, एकदा तर चक्क वॉशिंग मशीनपाशी. भुताखेतांच्या पिक्चरमधली नटी आहे ती. आणि मी मस्कतमध्ये, अल् खुवैरच्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत, लोकांचे व्हिसा रिन्यू करते. आम्ही दोघी एकाच वर्षी जन्मलो, वसईत एकाच वाडीत वाढलो, आणि आमच्या दोघींत जी भित्री होती ती मी नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा जळफळाट दिसणार आहे. दिसू दे. आहेच तो.

लहानपणी ही भित्री भागूबाई पालीला घाबरायची. कोंबड्याला घाबरायची. फादरांच्या काळ्या छत्रीलासुद्धा घाबरायची. संध्याकाळी केळीच्या बागेतून जायचं झालं की माझ्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून चालायची आणि एखादं सुकलेलं पान हललं की अशी किंकाळी फोडायची, की पलीकडच्या वाडीतली माणसं हातातलं काम टाकून धावत यायची. मार मात्र मला पडायचा, कारण सगळ्यांना वाटायचं मीच काहीतरी केलं असणार. तर आता कोणी मला म्हणालं की काय तिची ॲक्टिंग, तर मी म्हणते, कसली डोंबलाची ॲक्टिंग? ती जन्मापासून अशीच आहे. तेव्हा फुकट ओरडायची, आता पैसे घेऊन ओरडते.

दहाव्या वर्षी ती गेली. मावशी नर्स होती, तिला अमेरिकेत हॉस्पिटलात नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड उचलून गेलं. तिथे ही कॉलेजात नाटक शिकली. नाटक शिकायला कॉलेज असतं हे आम्हाला तेव्हा कळलं. मग कित्येक वर्षं हॉटेलात लोकांच्या बशा उचलल्या आणि पहिलं काम मिळालं ते प्रेताचं. शवागारातला ड्रॉवर उघडतो, आत ही डोळे मिटून, ड्रॉवर बंद. संपलं काम. मावशीने कौतुकाने त्याची कॅसेट पाठवली. आमच्याकडे सगळी वाडी जमली, आणि ड्रॉवर उघडल्याबरोबर आजीने जो टाहो फोडला, की पिक्चर बंद करावा लागला. दुसऱ्या दिवशी आजी चर्चला जाऊन नातीला दीर्घायुष्य मिळावं म्हणून तिच्या नावाने मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना, सांगून आली. पुढे बहिणीला मुडद्याची कामं काही कमी मिळाली नाहीत, आणि आजीच्या मिस्साही काही थांबल्या नाहीत.

तिनेच मला एकदा सांगितलं होतं की तिथल्या भुताच्या पिक्चरमध्ये सोनेरी केसांची पोरगी शेवटपर्यंत जगते आणि आपल्यासारखी दिसणारी सुरुवातीलाच जाते. मग कधी परदेशी नर्स म्हणून मेली, कधी शेजारीण म्हणून, कधी भविष्य सांगणारी म्हणून. थंडीत पातळ गाऊन घालून रात्र रात्र धावायचं, अंगावर साखरेच्या पाकातलं लाल रक्त ओतून घ्यायचं, मुंग्या लागायच्या. चाळिशी आली आणि आता हे संपलं असं तिलाही वाटलं, तेव्हा एका पिक्चरमध्ये आईचं काम मिळालं. घरात काहीतरी शिरलंय, मुलाला कळतंय, नवऱ्याला पटत नाही, आणि ही एकटी त्याच्याशी झगडते. त्यात ती पहिल्यांदा शेवटपर्यंत जगली. त्या पिक्चरने तिचं नशीब उघडलं. आता लोक दंडावर तिचा चेहरा गोंदवून घेतात. मोठमोठ्या हॉलमध्ये तिच्या सहीसाठी रांगा लागतात आणि माणसं फोन पुढे करून म्हणतात, मॅडम, एकदा ओरडा ना.

वसईत आधी सगळे नाकं मुरडायचे, की शैतानाचे पिक्चर करते. आता चर्चच्या मासिकात तिचा फोटो. आई व्हिडिओ कॉलवर मला ऐकवते, ‘बघ, कुठल्या कुठे गेली पोरगी!’ अगं, मग मी काय नालासोपाऱ्याला गेले होते का? मीपण समुद्र ओलांडूनच आलेय. पण मस्कत म्हटलं की लोकांना फक्त खजूर आठवतात.

इथवर सगळं ठीक होतं. ती तिकडे, मी इकडे, नाताळला एक फोन. नाकाला मिरच्या झोंबल्या त्या माझ्या मुलीमुळे.

मुलगी पंधरा वर्षांची. इंडियन स्कूलमध्ये, दिवसभर इंग्लिश. घरी माझ्याशी तीन शब्द बोलते, ‘हं’, ‘ओके’ आणि ‘नथिंग’. मराठी बोलायला लावलं तर एकेक शब्द माशातला काटा काढल्यासारखा काढते. या बाईसाहेबांनी आपल्या मावशीला, म्हणजे माझ्या या बहिणीला, इन्स्टाग्रामवर शोधून काढलं आणि दोघींचं जमलं की हो! खोलीचं दार बंद, आतून खिदळणं. मी ताट वाढून हाका मारतेय आणि आत मावशीशी गप्पा चाललेल्या. मावशी तरी कुठली, नुसत्या नावाने हाक मारते. मी म्हटलं, अगं ती तुझ्या आईच्या वयाची आहे, मावशी म्हण. तर म्हणे, ‘मम्मी, शी डझन्ट लाइक दॅट.’ नऊ महिने मी वागवली, रात्री मी जागले, शाळेच्या फेऱ्या मी मारल्या, आणि ही आयत्या बिळावर नागोबा.

त्या वर्षी मुलीचं दृढीकरण होतं. बाप्तिस्मा लहानपणी होतो, तेव्हा मुलांना काही कळत नसतं. मोठं झाल्यावर बिशप येऊन कपाळाला तेल लावतात आणि विश्वास पक्का करतात, ते दृढीकरण. त्या वेळी प्रत्येक मुलाच्या मागे एक माणूस उभं राहतं, मुलाच्या खांद्यावर उजवा हात ठेवून. मुलगी असेल तर बहुधा धर्ममाता. जन्मभर ती त्या मुलीची. नियम असा, की आईबाप चालत नाहीत. बाकी अख्ख्या जगातलं कोणीही चालतं, फक्त जिने जन्म दिला ती नाही. मी इथेच मस्कतजवळ सीबला राहणाऱ्या माझ्या वसईच्या मैत्रिणीला वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं. तिने पांढऱ्या फ्रॉकचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

आणि एक दिवस जेवताना मुलगी म्हणाली, ‘मी तिला विचारलं. शी सेड येस.’ कोणाला ते विचारायची गरजच नव्हती. शेजारच्या देशात वाळवंटात तिचं शूटिंग संपत होतं, तिथून ती सरळ मस्कतला येणार होती. नवरा म्हणाला, ‘वा!’ नवरा हॉटेलात बँक्वेटला आहे, त्याला सवय आहे कोणी काही म्हटलं की वा म्हणायची.

एअरपोर्टवर मी गेले, मुलीला आणि गाडी घेऊन. बाई बाहेर आली, बारीक, उंच, केस कापलेले, आणि मला मिठी मारून लहान मुलासारखी म्हणाली, ‘तू किती मोठ्ठी झालीस गं!’ जाड झालीस म्हणायचं असणार, पण तिचं मराठी दहाव्या वर्षी थांबलंय, त्यामुळे तिला तेवढंच येतं. गाडीत मुलगी मागे बसली. बहीणही मागे बसली. पुढची सीट रिकामी, तिच्यावर माझी पर्स. हायवेने घरापर्यंत दोघी मागे टिवटिव करत होत्या आणि मी आपली ड्रायव्हर. टॅक्सीवाल्याला निदान भाडं तरी मिळतं.

घरात नुसता उत्सव. नवरा, जो एरवी लसूणसुद्धा सोलत नाही, तो सुरमईचं कालवण करायला उभा राहिला. तिला एसी चालत नाही म्हणून एसी बंद. घसा जपायचा म्हणून सकाळी मिठाच्या गुळण्या, दिवसभर कोमट पाणी. आमच्या अर्बाबला, म्हणजे कंपनीच्या मालकाला, कुठून कळलं कोण जाणे, ऑफिसात मला बोलावून म्हणतो, ‘सिस्टर, माझ्या मुलांना ती फार आवडते, एक व्हिडिओ मिळेल का?’ इतक्या वर्षांत त्याने मला काही विचारलं असेल तर माझी रजा कधी संपते एवढंच.

आणि सगळ्यात कहर म्हणजे मुलगी मराठी बोलायला लागली. हो! तिच्याशी! तिचं ते दहा वर्षांच्या पोरीचं मराठी, ‘मला नाही जा’, ‘कट्टी तुझ्याशी’, ‘आता गंमत करूया’, हे माझी मुलगी टपाटपा उचलायला लागली. मी पंधरा वर्षं घसा फोडून जे शिकवू शकले नाही, ते या अमेरिकन बाईने चार दिवसांत शिकवलं. आनंद व्हायला हवा होता ना मला? अंगाचा तिळपापड झाला.

सीबच्या मैत्रिणीची समजूत घालायला हलव्याचा डबा घेऊन आम्ही तिघी निघालो. त्या दोघी मागे, सांगायला नकोच. रस्त्यात बहीण मुलीला ओरडायचं कसं ते शिकवायला लागली. गाडीच्या काचा बंद असल्या की सरावाला उत्तम, म्हणे. घशातून ओरडायचं नाही, पोटातून. आधी श्वास, मग तोंड उघडायचं, आणि आवाज आपोआप आला पाहिजे. शूटिंगमध्ये ओरडलेलं पुष्कळदा वापरतच नाहीत, नंतर स्टुडिओत उभं करून अख्खी दुपार नुसतं ओरडायला लावतात, मग आठवडाभर मुकं राहायचं. मुलीने प्रयत्न केला, मांजराचं पिल्लू ओरडावं तसा आवाज आला. मग बहिणीने करून दाखवलं. अरे देवा! माझा पाय ब्रेकवर गेला. शेजारच्या गाडीतला लांब पांढरा दिशदाशा घातलेला म्हातारा काच खाली करून बघायला लागला आणि मी त्याला हात हलवून हसून दाखवलं, की सगळं ठीक आहे, चाचा, नटी आहे.

‘तू कर ना,’ बहीण मला म्हणाली.

‘मला नाही येत ओरडायला.’

‘मम्मी स्क्रीम्स एव्हरी डे,’ मुलगी म्हणाली, ‘माझ्यावर.’ आणि दोघी पोट धरून हसल्या. मीपण हसले. आरशात बघितलं तर माझं ते हसू बघण्यासारखं होतं.

मैत्रीण मात्र गुणाची. तिने कापड देऊन टाकलं, म्हणाली, ‘कोणीही उभं राहू दे, फ्रॉक माझाच.’ मला तिचाही राग आला. भांडायला हवं होतं तिने.

मग फादरांनी मला ऑफिसात बोलावलं. तरुण फादर, केरळचे, हिंदी आणि इंग्लिश एकत्र कालवून बोलतात. धर्ममातेबद्दल नेहमीची चौकशी करायची होती त्यांना. मी म्हटलं, ही संधी. तोंड पाडून सांगितलं, ‘फादर, एक सांगायलाच हवं. ती सैतानाच्या पिक्चरमध्ये काम करते. अंगात येतं तिच्या, शिव्या देते, क्रूस फेकते.’

फादर खुर्चीत पुढे सरकले. ‘कौन सा पिक्चर?’

मी सांगितलं.

‘वो वाली हैं आपकी बहन?’ फादरांचा चेहरा असा उजळला, की बिशप झाले असते तरी इतका उजळला नसता. सेमिनरीत, फादर व्हायचं शिकत असताना, सगळ्यांनी मिळून बघितला होता म्हणे. त्यातल्या पाद्र्याचे मंत्र साफ चुकीचे आहेत, पण बाईचं काम फर्स्ट क्लास. मी मनात म्हटलं, झालं, देवळातसुद्धा हिचाच उदोउदो. मग ते सहज म्हणून पुढचं विचारायला लागले. बाप्तिस्मा वसईत झाला का? झाला. लग्न? केलं नाही. आणि स्वतःचं दृढीकरण झालंय ना?

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. कारण आमच्या वसईच्या चर्चमध्ये बाराव्या वर्षी दृढीकरण व्हायचं. माझं झालं, तेव्हा ती अमेरिकेत होती, आणि तिथे मावशी रविवारीसुद्धा ड्युटी करायची, चर्चबिर्च सुटलेलंच होतं. ज्याचं स्वतःचं दृढीकरण नाही, त्याला दुसऱ्याच्या मागे उभं राहता येत नाही. हे फादरांना माहीत होतं, मला माहीत होतं, त्या दोघींना मात्र नव्हतं.

‘नाही झालेलं, फादर,’ मी म्हटलं. खरं तेच सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं का?

घरी येऊन मी शक्य तितक्या दुःखी आवाजात बातमी दिली. जमणार नाही, फादर म्हणतात नियम आहे, खलास. बहीण कोमट पाणी पीत होती, तिने पेला खाली ठेवला. मुलगी उठून उभी राहिली. मला वाटलं आता इंग्लिशमध्ये दारं आपटेल. पण ती मराठीत बोलली, एकही शब्द न अडखळता.

‘तू जळतेस. तू तिच्यावर जळतेस म्हणून सांगितलंस.’

हा शब्द तिला मावशीने शिकवलेला नव्हता. दहा वर्षांच्या मुलीला तो येत नाही. तो माझाच, फोनवर मैत्रिणींशी बोलताना मी रोज वापरते.

‘हो, जळते,’ मी म्हटलं. ‘जळू नको तर काय आरती ओवाळू? तू माझ्याशी दिवसाला तीन शब्द बोलतेस आणि हिच्याशी तीन तास. हिने एक दिवस तरी तुझा डबा भरलाय का? ताप आला तेव्हा उशाशी बसलीय का? हिला ओरडता येतं, एवढंच ना? मलाही येतं!’ आणि मी ओरडले. पोटातूनबिटातून नाही, घशातूनच, आणि घसा बसला माझा. शेजारच्या तेलुगू वहिनींनी बेल वाजवून विचारलं, सब ठीक है ना. नवऱ्याने दार उघडून सांगितलं, हां हां, प्रॅक्टिस चल रहा है.

वहिनी गेल्या. मग बहीण म्हणाली, तिच्या त्या बाळबोध मराठीत, ‘लोक माझ्याकडे सही मागतात. फोटो मागतात. ओरड म्हणतात. हिने मला दुसरं काहीतरी मागितलं. मी नाही कसं म्हणू?’ आणि जरा थांबून, ‘माझं राहून गेलंय ना? मग मीपण करून घेते.’

एवढं सोपं! माझ्या मुलीने वर्षभर दर शुक्रवारी, इथे सुट्टी शुक्रवारी असते, धर्मशिक्षणाच्या वर्गाला हजेरी लावली, आणि हिला फादरांनी रोज संध्याकाळी बसवून शिकवलं. बिशपांच्या ऑफिसला फोन काय, वसईहून बाप्तिस्म्याचा दाखला व्हॉट्सॲपवर काय, सगळं पटापट. मोठ्या माणसांचंही दृढीकरण होतं, नियमात बसतं. आधी हिचं होईल, मग लगेच ही मुलीच्या मागे उभी राहील. मी खाली गाडीत एसी लावून बसायचे, वर हिचं शिक्षण चाललेलं. शेवटच्या दिवशी ती खाली आली, पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसली, आणि म्हणाली, ‘फादर म्हणतात मलापण धर्ममाता लागते. तू हो ना गं.’

‘मी?’

‘इथे मी दुसऱ्या कोणाला ओळखते?’

मला तिची कीव यायला लागली होती, आणि ती मला नको होती. हेवा परवडला. हेव्यात निदान माणूस ताठ बसतो. पण नाही म्हणायला कारण सुचेना, तिच्याशी माझं कसलं भांडण आहे ते तिला कळणाऱ्या मराठीत सांगताही येईना. हो म्हटलं. घरी नवरा हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. ‘घे, आता तू तिची आई.’

शुक्रवारी चर्चच्या व्हरांड्यात मुलांची रांग लागली. सगळी पांढऱ्या कपड्यांत, प्रत्येकाच्या मागे आपापलं माणूस. आमची रांग वेगळीच दिसत होती. पुढे मुलगी, सीबच्या मैत्रिणीने शिवलेल्या फ्रॉकमध्ये. तिच्या मागे बहीण, मोठ्या माणसाचा पांढरा ड्रेस. तिच्या मागे मी. लोक वळून वळून बघत होते, कोणी हळूच फोन काढत होते. रांग लावणारी बाई गोव्याची होती, घाईत होती, तिला पिक्चरबिक्चरशी देणंघेणं नव्हतं. ती आमच्यापाशी आली आणि गोंधळली.

‘ये किसके साथ हैं?’ बहिणीकडे बोट दाखवून तिने मला विचारलं.

‘मेरे साथ.’

‘आप इनकी कौन?’

‘गॉडमदर.’

तिने आम्हा दोघींना खालीवर बघितलं, आमच्या वयांचा हिशेब तिला लागेना, पण वेळ नव्हता. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, ‘और ये बच्ची किसकी है?’

शाळेच्या गेटवर, दवाखान्यात, इमिग्रेशनच्या काउंटरवर, पंधरा वर्षं या प्रश्नाला मी विचार न करता उत्तर दिलंय. तेच उत्तर ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. इथे ते चुकीचं होतं, बाई मुलीच्या मागे कोण उभं राहणार ते विचारत होती. ते दिलं असतं तर तिने मुलीला बाजूला काढलं असतं, म्हणाली असती, आई चालत नाही.

‘इनकी,’ मी म्हटलं, आणि बहिणीकडे हात केला.

बाई पुढच्या मुलाकडे गेली. मुलीने वळून बघितलं, बहिणीकडे नाही, माझ्याकडे. तिचा चेहरा पार उतरला होता. ‘मम्मी,’ ती म्हणाली, आणि पुढे काहीतरी बोलणार होती, पण आत ऑर्गन सुरू झाला आणि रांग हलली.